अकरावा

ऑगस्ट २०२४. मध्यरात्र उलटून गेली होती आणि पॅरिस ऑलिम्पिकमधील तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम शर्यत पाहत आम्ही यवतमाळात जागे होतो. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे आरंभी काही काळ पुढे होता. मग एकेक जण त्याला ओलांडत गेला. तो अकरावा आला. आम्ही दूरचित्रवाणी संच बंद केला.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही त्या अकराव्या क्रमांकाचा उल्लेख जरा उपहासानेच केला. पोलीस भरतीसाठी पहाटे बायपासवर धावणारा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून म्हणाला, "सर, फायनलमध्ये तं गेला नं तो!" त्याआधी एकही भारतीय पुरुष या शर्यतीच्या ऑलिम्पिक अंतिम फेरीत पोहोचला नव्हता, हे त्याला ठाऊक होते. आम्हांला नव्हते.

अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी, अशी ही शर्यत. अवर्षणग्रस्त तालुक्यातल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापांच्या मुलाने पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारीत नाव कमवावे, हा योगायोग ललित निबंधाला फारच सोयीचा आहे. म्हणून त्यावर रेंगाळत नाही. बारावीनंतर तो सैन्यात गेला. सियाचीनला राहिला. २०१८ साली भुवनेश्वरला त्याने ८ मिनिटे २९.८० सेकंदांत गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला, आणि पुढे स्वतःचेच विक्रम मोडत राहिला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक त्याच्यापासून सेकंदाच्या पाच शतांश भागाने दूर राहिले. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके केनियाचे धावपटूच नेत आले होते.

पण आम्हांला खरा धक्का दिला तो आकड्यांनी. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्ण मिळवले ते ८ मिनिटे १९.५० सेकंदांत. जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्याच डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ०९.९१ सेकंद ही आयुष्यातली सर्वोत्तम वेळ त्याने नोंदवली, त्या दिवशी तो सहावा होता! आणि ज्याला आम्ही हसलो तो अकरावा क्रमांक ८ मिनिटे १४.१८ सेकंदांचा, म्हणजे सुवर्णापेक्षा पाच सेकंदांनी वेगवान. फिगर स्केटिंगमध्ये गुण परीक्षक देतात. चीनचा जिन बोयांग २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये चौथा आला, तेव्हा निदान परीक्षकांवर रुसण्याची सोय होती. धावणाऱ्याला तीही नाही. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासून आम्हीही परीक्षकच झालो आहोत. क्रमांक दिसला की वाचन थांबवतो.

पॅरिसच्या त्याच अंतिम शर्यतीत विश्वविक्रमवीर लामेचा गिरमा अखेरच्या फेरीत अडथळ्यावर कोसळला आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला साबळेही पाण्याच्या उडीत पडला. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली.

आमच्या त्या विद्यार्थ्याचे नाव भरतीच्या यादीत आले नाही. बसस्थानकावर भेटला तेव्हा 'लागलास का?' हा नेहमीचा प्रश्न आम्ही गिळला आणि सोळाशे मीटरची वेळ विचारली. तो क्षणभर पाहतच राहिला.

"पाच मिनिटं अठरा, सर. मागच्या वेळेस पाच चाळीस होते."