478 चं काय करायचं

2025 च्या नीटचा निकाल 14 जूनला लागला. तेव्हापासून भावाच्या ओट्यावर बसणारा प्रत्येक जण आधी आकडा विचारतो. भाचीला 478. "मग गेलंच की. गेल्या वर्षी आमच्या पोराला 600 होते, तरी सरकारी मिळालं नाही." हे वाक्य वणीत या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं की ते खरंच वाटायला लागलं.

*

म्हणून बसून आकडे पाहिले. 2024 मध्ये 600 गुणांवर देशात ऐंशी हजारांच्या आसपास क्रमांक येत होता. यंदा 600 च्या वर पोचलेली मुलं देशभरात मिळून तेराशेच्या घरात. गेल्या वर्षी सुधारित निकालातही 17 जणांना 720 पैकी 720 होते, यंदा देशात पहिल्या आलेल्याला 686. भौतिकशास्त्राच्या पेपरानं सगळ्यांनाच झोपवलं. तेव्हा 478 ची तुलना शेजारच्या पोराच्या 600 शी होऊच शकत नाही. पाहायचा तो क्रमांक, आणि तो कुणी विचारत नाही. भाचीचा क्रमांक काठावरचा आहे: सरकारीसाठी अवघड, खाजगीसाठी शक्य.

*

ओएमआरची प्रत आणि उत्तरतालिका शेजारी ठेवून तिनं स्वतः ताळा केला. 127 बरोबर, 30 चूक, 23 कोरे. ते 30 तसेच कोरे सोडले असते तर 508 झाले असते. भाऊ लगेच खूश: "म्हणजे फक्त घाई नडली! पुढच्या वर्षी नक्की." मला इतकं सोपं वाटत नाही. बरोबर आलेल्या 127 मध्येही अंदाजाचे असतीलच, ते कुणी मोजत नाही. तीस चुकांमधल्या अठरा भौतिकशास्त्रातल्या आहेत. तिथे गोळे चुकीचे भरले गेले, की धडाच कळला नव्हता? वर्ष द्यायचं की नाही हे यावर ठरावं. पुढचा पेपर सोपा निघेल या आशेवर तर मुळीच नाही. सोपा निघाला तर तो सगळ्यांनाच सोपा निघेल.

*

भाऊ द्राक्षवाला. त्याचं म्हणणं, एप्रिलच्या खरड छाटणीला बागेला एक मणी लागत नाही, पण काडी तेव्हाच तयार होते आणि घड धरतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. एक वर्ष रिकामं गेलं तर काय बिघडलं? भाचीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, वेलीला कुणी घरी येऊन गुण विचारत नाही." वहिनी तोंडाला पदर लावून हसली.

*

उपयोगाची गोष्ट नाही, पण टिपून ठेवते. वणीहून दिंडोरीमार्गे नाशिकला निघालं की शहरात शिरताना म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक एमबीबीएस, बीएएमएसवाल्यांच्या पदवीवर याचंच नाव. आमच्या एसटीत खिडकीशी बसलेली किती पोरं त्या फाटकाकडे मान वळवून बघतात!

*

नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही. वयाची वरची अटही 2022 मध्ये गेली. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला दोनच संधी, त्यामुळे तिथे थांबायचं कधी ते नियमच ठरवतो. इथे ते घरानं ठरवायचं. चांगलंच आहे, पण तिसऱ्या-चौथ्या वर्षाला बसलेली मुलं पाहिली की ही मुभा जड वाटते.

*

सगळ्यात वाईट आहे ते वेळापत्रक. रिपीटर बॅच जूनअखेर सुरू, फी आत्ता भरा. राज्याची पहिली यादी मात्र ऑगस्टशिवाय लागत नाही, पुढच्या फेऱ्या त्याहून उशिरा. म्हणजे कुठे नंबर लागतो ते कळायच्या आत पुन्हा बसायचं की नाही ते ठरवा! माझं मत स्पष्ट आहे: यादी लागेपर्यंत घरी अकरावीचं भौतिकशास्त्र काढावं, क्लासला पूर्ण फी देऊ नये. "बॅच फुल होईल, मॅडम," असं फोनवर सांगितलं गेलं. होऊ दे. ऑगस्टमध्ये दुसरी निघते.

*

ओट्यावरच्यांना दुसरीही एक गोष्ट माहीत नाही. जुलै 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण फी सरकार भरतं, केंद्रीय प्रवेशाच्या म्हणजे कॅप फेरीतून खाजगी कॉलेज मिळालं तरीही. व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. त्यामुळे नाशिकजवळच्या आडगावचं खाजगी मेडिकल कॉलेज एकदम आवाक्यात येतं. भावाला तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढायला दिंडोरीला पाठवलं. सप्तशृंगी गडावर नवस बोलायला त्याला वेळ होता, दाखल्याला नव्हता.

*

वहिनीला बीएएमएस चालेल. "डॉक्टरच ना?" भाचीला चालणार नाही, निदान आज तरी. जागा घेऊन ठेवायची आणि आतून नीटचा अभ्यास करायचा, असं काही मुलं करतात. मी सल्ला देणार नाही. शरीररचनेचं पाठांतर आणि जोडीला भौतिकशास्त्राची गणितं, दोन्ही एका मुलीकडून होतील असं मला दिसत नाही. शिवाय नंतर जागा सोडायचे नियम कडक. अर्ज भरण्याआधी माहितीपुस्तिकेतलं ते पान वाचलेलं बरं.

*

पसंतीक्रमाची कच्ची यादी भाचीनं वहीत केली आहे. आधी सगळी सरकारी, मग आडगाव, मग घोटीकडचं. 2024 च्या ऑक्टोबरात उद्घाटन झालेल्या दहा सरकारी कॉलेजांमधलं गडचिरोलीसुद्धा तिनं आडगावच्या वर टाकलं. वहिनी पिठाचे हात घेऊनच बाहेर आली.

"गडचिरोली? अगं, आडगाव इथं हाताशी आहे!"

"आई, नंबर लागू तर दे. मग भांडू."