शंभरापैकी एकशे दहा

बुद्धी आणि अलिबाग या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, असं मुंबईकरांचं फार जुनं मत आहे. कुणी जरा बावळटासारखा वागला की "अलिबाग से आया है क्या?" असं विचारायची तिकडे पद्धतच आहे. या वाक्यावर बंदी घालावी म्हणून २०१९ साली आमच्याकडच्या एका गृहस्थांनी थेट मुंबई उच्च न्यायालय गाठलं. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, एवढं मनाला लावून घेऊ नये, अशा अर्थाचं सांगून न्यायालयाने अर्ज फेटाळला. म्हणजे निकाल कायद्याचा आणि सल्ला मानसशास्त्राचा!

नेमक्या त्याच दिवसांत माझी पुतणी मुंबईला सायकॉलॉजीत एम.ए. करत होती. अलिबागहून आलेली मुलगी मुंबईकरांची बुद्धी मोजायला शिकते आहे, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! मुंबई विद्यापीठात उपयोजित मानसशास्त्राचा विभाग १९५९ पासून आहे. साठ वर्षांत हा सूड कुणाला सुचला नव्हता.

गावात मात्र तिच्या या शिक्षणाबद्दल दोनच समजुती. अर्ध्या लोकांना वाटे, ही वेड्यांची डॉक्टर होणार; उरलेल्यांना वाटे, ही समोरच्याच्या मनातलं ओळखते. दुसऱ्या गटातली मंडळी ती मांडव्याच्या लाँचीने घरी आली की तिच्यासमोरून जाताना मनात काही येऊ देत नसत. आमचे शेजारी निवृत्त नायब तहसीलदार. त्यांनी सरकारी खाक्याने चौकशी केली.

"एकूण किती वर्षं?"

"बी.ए.ची तीन, एम.ए.ची दोन. मग क्लिनिकल करायचं तर एम.फिल.ची आणखी दोन. त्याशिवाय पुनर्वास परिषदेत नोंदणी होत नाही."

"सात वर्षं! आणि शेवटी औषध?"

"औषध नाही लिहून देता येत. ते सायकिअ‍ॅट्रिस्ट देतात."

"मग तू काय देणार?"

"मी ऐकून घेणार."

नायब तहसीलदारांनी उभी हयात लोकांचं ऐकून न घेण्याच्या खात्यात काढलेली. त्यांना हे पटेना.

एम.ए.च्या काळात तिला प्रयोगांसाठी माणसं लागत. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याला या शास्त्रात 'प्रयुक्त' म्हणतात. मला हा शब्द फार आवडला. लग्नानंतरच्या माझ्या अवस्थेला इतकी वर्षं नाव नव्हतं. प्रयुक्ताने निरर्थक अक्षरं पाठ करायची, ती किती वेळात विसरतात ते प्रयोगकर्त्याने लिहायचं आणि मग प्रयुक्ताने आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. याला अंतर्निरीक्षण म्हणतात. हा खटाटोप मुळात एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच केला आणि १८८५ साली प्रसिद्ध केला. पाठ केलेल्यातलं बरंचसं माणूस पहिल्या तासाभरातच विसरतो, असं त्याला आढळलं. तो आमच्या आत्याला भेटला नव्हता. कुणाच्या लग्नात कुणी कुणाला कुठलं पातळ दिलं आणि ते पहिल्याच धुण्यात कसं आटलं, हे आत्या आजही पदरासकट सांगते.

एका दिवाळीत ती कामत चाचणीची पेटी घेऊन आली. पॅरिसमध्ये बिने आणि सिमाँ या दोघांनी १९०५ साली मुलांसाठी जी चाचणी केली, ती व्ही. व्ही. कामतांनी आपल्या मराठी-कानडी मुलांसाठी बेतून घेतली. चाचणी देणारा आणि घेणारा यांच्याखेरीज खोलीत कुणी नको, असा नियम. अलिबागच्या घरात हे जमायचं कसं? नायब तहसीलदारांचा नातू सरावासाठी बसला आणि दारात त्याची आजी, आई, मावशी अशी दोन पिढ्यांची बुद्धी उभी राहिली. पुतणीने प्रश्न विचारला की आजी म्हणे, "सांग रे, येतंय तुला!" आणि मावशी उत्तरच सांगे. शेवटी पुतणीने दाराला आतून कडी घातली. सरावातला आकडा सांगायचा नसतो, हे तिने परोपरीने सांगितलं. पण आजोबांनी तगादा लावून तो काढलाच. एकशे दहा. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागून शंभराने गुणायचं, असा त्याचा हिशेब. आजोबांनी तो ऐकून घेतला आणि संध्याकाळी समुद्रावर सगळ्यांना सांगितलं, "आमच्या नातवाला शंभरापैकी एकशे दहा!"

पुढे ती बाहेरगावच्या एका मनोरुग्णालयात एम.फिल.ला लागली. तोवर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत एम.फिल. ही पदवीच बंद करून टाकली होती. नंतर क्लिनिकल सायकॉलॉजीला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. 'मुदतवाढ' हा शब्द ऐकून नायब तहसीलदार प्रथमच प्रसन्न झाले. या विद्येत काहीतरी तथ्य असावं, असं त्यांना वाटू लागलं.

तिथल्या रुग्णांबद्दल ती घरी चकार शब्द काढत नसे. तपासणीची रीत मात्र सांगे. शंभरातून सात वजा करायचे, उरतील त्यातून पुन्हा सात. यातून लक्ष किती टिकतं ते कळतं. म्हणीचा अर्थ विचारायचा. त्यातून माणूस शब्दाच्या पलीकडे जाऊ शकतो का ते कळतं. मी लगेच आमच्या हिला विचारलं, "नाचता येईना, अंगण वाकडे, अर्थ सांग." ही म्हणाली, "हे कुणाला उद्देशून?" माझ्या मते पैकीच्या पैकी.

दादाही तिथेच झोपाळ्यावर बसला होता. दादा म्हणजे पुतणीचा बाप, माझा थोरला भाऊ. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलेला. तो आपण होऊन म्हणू लागला, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." कुठेही न अडखळता पार तळापर्यंत गेला. "शिल्लक दोन," म्हणाला आणि गप्प झाला. २०२१ च्या एप्रिलात वहिनी कोरोनात गेल्या, त्यानंतर तो एका दमात इतका बोललेला मी ऐकला नव्हता. तेही आकडेच.

दादाला सल्ले देणाऱ्यांची वाण नव्हती. आमच्याकडे सल्ला मागावा लागत नाही. विपश्यना, अष्टविनायक, मोड आलेले मूग, सगळं सुचवून झालं होतं. एके दिवशी मी पुतणीला म्हटलं, "अगं, सात वर्षं शिकलीस. बापाला बघ की."

"काका, मला नाही बघता येत. नात्यातल्या माणसावर उपचार करायचे नसतात."

"हे कुठलं शास्त्र?"

"तुम्ही वेधशाळेसमोर राहता ना?"

अलिबागची चुंबकीय वेधशाळा मूळची मुंबईतल्या कुलाब्याची. मुंबईच्या ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. त्या विजेने उपकरणांच्या सुया बिथरणार, म्हणून १९०४ साली ती इथे आणली. पृथ्वीचं चुंबकत्व मोजायचं, तर आसपास लोखंड चालत नाही. ती इमारतसुद्धा लोखंडाशिवाय बांधलेली आहे.

"मी बाबांपुढे बसले ना, की खिशात किल्ल्यांचा जुडगा घेऊन तिथे शिरल्यासारखं होईल," ती म्हणाली. "आई माझीही गेलीय, काका."

यावर माझ्याकडे सल्ला नव्हता. आमच्या घराण्यात असं फारसं होत नाही.

तिनेच पनवेलच्या एक बाई शोधल्या. "मला काय वेड लागलंय?" हे दादाने म्हणून घेतलं, ते सगळेच म्हणतात. मग एका गुरुवारी स्वच्छ शर्ट घालून तो एस.टी.त बसला. संध्याकाळी परतला, पाय धुतले, झोपाळ्यावर बसला. पुतणीने काही विचारायचं नाही असं बजावलं होतं. पण ती गावात नव्हती.

"काय म्हणाल्या बाई?" मी विचारलं.

"त्या कुठे काय म्हणाल्या! मीच बोलत होतो."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

आमच्या घरात कुणालाही मध्ये न तोडता पाऊण तास बोलू दिल्याचं ऐकिवात नाही. कुंपणापलीकडून नायब तहसीलदारांनी मान वर काढली.

"म्हणजे मास्तर, बोलायचंही आपण आणि फीसुद्धा आपणच द्यायची?"

"हो," दादा म्हणाला. "गुरुवारी पनवेलला जायला साडेनऊच्या आधी एखादी गाडी आहे का हो?"