हंगामाची भाजी, उन्हाळ्याची बरणी

उर्दूत 'फस्ल' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पीक आणि दुसरा ऋतू. हल्ली बाजारात बाराही महिने सगळ्या भाज्या दिसतात, त्यामुळे मुलांना या दोन अर्थांचे नाते समजावून सांगावे लागते. ज्यांच्या घरी शेत आहे त्यांना ते सांगावे लागत नाही. मेथी, अंबाडी, गवार येते तेव्हा ढिगाने येते आणि संपली की पानही दिसत नाही.

आम्ही दोघेही शिक्षक, राहायला लातूरला. गावी भाईजान शेती पाहतात आणि अम्मी त्यांच्याकडेच असतात. हिवाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी हाती भाजीचे पोते येते. चार माणसांचे घर किती खाणार? शेजारीपाजारी वाटूनही उरते. तेव्हा अम्मींचे शब्द आठवतात, "रिज्क है, जाया नको करो." भाजी टिकवायची रीत त्यांनीच आम्हाला शिकवली.

मेथी आधी धुवून निथळून घ्यायची, मग पाने खुडून सुती ओढणीवर सावलीत पसरायची. उन्हात ती लवकर वाळते, पण रंग आणि वास दोन्ही जातात. बोटांत धरताच चुरा झाली की वाळली असे समजावे आणि मगच बरणीत भरावी. थोडा जरी ओलावा राहिला तरी सगळ्या बरणीला बुरशी लागते. हरभऱ्याची कोवळी पाने मात्र आम्ही धुवत नाही. त्यांच्यावर जी आंब असते, तीच त्या भाजीची चव. शेंडे खुडल्याने हरभऱ्याला फांद्या जास्त फुटतात, म्हणजे भाजीही मिळते आणि पिकाचेही भले होते. गवार उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटे टाकून, निथळून कडक उन्हात वाळवायची. वांग्याच्या चकत्यांना मीठ लावून त्या दोऱ्यात ओवायच्या. बकरी ईदनंतर मीठ-हळद लावलेले गोश्त वाळायला टांगतो, तसेच हे. गोश्त असो की वांगे, मिठाने आणि उन्हाने पाणी काढून घेतले की नासण्याचे कारणच उरत नाही.

सगळेच वाळवावे लागते असे नाही. पिकलेला लाल भोपळा देठासकट अखंड ठेवला तर कोरड्या जागी काही महिने राहतो. कांदा उन्हाळीच साठवावा, पावसाळी टिकत नाही. तो हवेशीर ठेवावा आणि बटाट्यापासून दूर. मटार दोन मिनिटे उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात आणि पुसून फ्रीजरमध्ये. रमजान सध्या हिवाळा सरताना येतो, तेव्हा इफ्तारच्या गडबडीत हे सोललेले दाणे फार कामाला येतात.

रांधताना वाळली गवार तासभर कोमट पाण्यात भिजवावी आणि ते पाणी फेकू नये, रश्श्यात घालावे. अंबाडी तुरीच्या डाळीत किंवा गोश्तात शिजवावी. तिचा आंबटपणा एवढा असतो की चिंच लागत नाही. मेथी तळहातावर चोळून खिम्यात अगदी शेवटी घालावी. हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस सर्वांना ठाऊक आहे. एका शिंप्याने प्रेषित मुहम्मद (स.) यांना जेवायला बोलावले, तेव्हा समोर दुधी आणि वाळलेल्या गोश्ताचे सालन होते, आणि आप (स.) ताटातल्या दुधीच्या फोडी शोधून खात होते. आमची मुले भाजीला नाक मुरडतात तेव्हा आम्ही त्यांना हेच सांगतो.

या बरण्यांची खरी किंमत आम्हाला 2016 साली कळली. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. गावी विहीर आटली होती, बोअरला फुफाटा येत होता. जे भाईजान आम्हाला पोत्याने भाजी पाठवत, त्यांच्या घरी भाभी रोज डाळ किंवा चटणी करत होत्या. भाजी विकत आणायची तर पैसा जनावरांच्या चाऱ्यात गेलेला. आम्ही गावी गेलो ते हिवाळ्यातली मेथी, गवार, हरभऱ्याची भाजी आणि अंबाडी बरोबर घेऊन. संध्याकाळी भाभींनी हरभऱ्याची भाजी केली. भाईजानांनी पहिला घास घेतला आणि विचारले, "ये अपनेच खेत की है ना?" आम्ही हो म्हणालो. पुढे बराच वेळ कुणी बोलले नाही.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी पाऊस धो धो झाला. हिवाळ्यात मेथी उदंड आली, आणि नेमकी नोटाबंदी. बाजारात गिऱ्हाईकाच्या हाती पैसा नाही. जुडीला मिळेल त्यात टेम्पोचे भाडेही निघेना. भाईजान वाफ्यांत रोटाव्हेटर घालायला निघाले होते. आम्ही फोन करून म्हटले, दोन दिवस थांबा. रविवारी आम्ही, भाभी आणि शेजारच्या बाया मिळून जमेल तेवढी मेथी उपटली, निवडली आणि घरभर ओढण्या अंथरल्या. सगळी काही वाचली नाही. बरीचशी शेवटी मातीतच गेली, आणि तोट्यातला एक रुपयाही त्या बरण्यांनी भरून निघाला नाही. पण गावातल्या सात-आठ घरांत मे महिन्यात मेथी शिजली.

तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली आहे. पोते आले की भाजी वाळवताना दोन वाटे करायचे, एक आमचा आणि एक गावाचा. शब-ए-बरात असो वा लग्नकार्य, गावाच्या वाट्याच्या बरणीला हात लावायचा नाही. उन्हाळी सुट्टी लागली की पहिल्या एसटीने ती गावी जाते. शेत ज्याचे, घाम ज्याचा, त्याच्या ताटातही त्याची भाजी ऐन टंचाईत पडायला हवी. ज्या बहिणी-भावांकडे गावाहून पोते येते, त्यांनी यंदा एक बरणी जास्त भरून पाहावी.