व्हेनिसला जा, पण मुक्कामाला जा

युरोपच्या सहलीहून आलेल्या एखाद्या ओळखीच्या बाईंना विचारून पाहा, "व्हेनिस कसं वाटलं हो?" बहुधा उत्तर येतं, "सुंदर! पण गर्दी फार, आणि सगळं महाग." त्यात त्यांची चूक नाही. सहलीबरोबर गेलं की सकाळी बोटीतून सान मार्को चौकात उतरायचं, घंटेच्या मनोऱ्यासमोर फोटो, काचेचा कारखाना, गोंडोलाची एक फेरी, की संध्याकाळी पुन्हा बसमध्ये. एखाद्याच्या घरी जावं आणि ओसरीवरूनच परतावं, तसं झालं हे!

म्हणून, मैत्रिणींनो, मुलगा-सून किंवा लेक-जावई तिकडे असतील, किंवा तुम्ही दोघंच जाणार असाल, तर निदान एक रात्र बेटावर मुक्काम करा. जमिनीवरच्या मेस्त्रे भागात खोल्या स्वस्त मिळतात, आगगाडीही दहा-बारा मिनिटांत पोचवते. पण मग पहाट आणि रात्र हातची जाते, आणि खरं व्हेनिस भेटतं ते याच दोन वेळांना. सकाळी सातला भाजीच्या बोटी, कचऱ्याच्या बोटी कालव्यातून निघालेल्या असतात. पाठीवर दप्तरं घेऊन मुलं शाळेला जातात. समोरासमोरच्या घरांमध्ये दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले दिसतात. आणखी एक, 2024 पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून शहर प्रवेशाचे पैसे घेतं. मुक्कामाच्या पाहुण्यांना ते माफ आहेत, फक्त त्याची नोंद आधी करून ठेवावी लागते.

आता सामानाचं. या गावात गाडी नाही, रिक्षा नाही, सायकलसुद्धा नाही. पूल आहेत चारशेच्या वर, आणि बहुतेकांना पायऱ्या. तेव्हा प्रत्येकीने आपली आपल्याला उचलता येईल एवढीच बॅग घ्यावी. खोली ठरवताना भाड्याआधी एक प्रश्न विचारा: "बोटीच्या थांब्यापासून तुमच्यापर्यंत किती पूल?" पत्त्यातल्या नंबरावर विसंबू नका. शहराचे सहा भाग आहेत, आणि घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसून त्या सबंध भागाचे आहेत. त्यामुळे नंबर चार आकडी असतो आणि शोधताना पुरेवाट होते. जवळचं देऊळ, म्हणजे चर्च, आणि चौक कोणता ते लिहून घ्या. वाट चुकलीच तर भिंतीवरच्या 'रियाल्तोकडे', 'सान मार्कोकडे' अशा पिवळ्या पाट्या बघत चला.

बोटीचं साधं तिकीट पंचाहत्तर मिनिटं चालतं. दोन-तीनदा चढउतार होणार असेल तर दिवसभराचा पास परवडतो. बोटीत चढण्यापूर्वी तिकीट यंत्राला लावायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड! एक नंबरची बोट मोठ्या कालव्यातून सावकाश, थांबत थांबत जाते. संध्याकाळी दिवे लागल्यावर तीत बसा. दोन्ही काठांचे वाडे घरबसल्यासारखे बघून होतात. गोंडोलाचा दर सरकारने ठरवलेला आहे. 2023 च्या नोव्हेंबरपासून दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो. पण हा दर माणशी नाही बरं का, अख्ख्या नावेचा आहे. चार-पाच जणांत वाटून घेतला की जीवाला लागत नाही. तेवढेही नको असतील तर मोठा कालवा ओलांडायला 'त्रागेत्तो' नावाची साधी नाव असते. दोन-चार मिनिटांचाच प्रवास, तोही बहुतेक जण उभ्यानेच करतात, आणि पैसे अगदी थोडे.

गल्लीतून चौकात आलात की मधोमध एक दगडी विहीर दिसेल. हिला झरा नाही! सगळीकडे खारं पाणी, म्हणून पाऊस साठवायची ही युक्ती. चौकाची फरसबंदी किंचित उतरती, तिच्यातल्या भोकांतून पाणी खाली वाळूत झिरपायचं आणि गाळून मधल्या आडात जमायचं. 1884 साली नळ आले, तोवर घरोघर पाणी जाई ते इथूनच. खांद्यावर कावड घेऊन पाणी विकणाऱ्या बायकाही होत्या. आता विहिरींना झाकणं आहेत. पण जागोजागी वाहते नळ आहेत, त्यांचं पाणी खुशाल प्यावं. रिकामी बाटली जवळ असली की झालं.

सकाळी रियाल्तोच्या बाजारात जरूर जा. मात्र रविवारी नको, आणि मासळी बघायची तर सोमवारीही नको. आपल्या मलबारची मिरी शेकडो वर्षं याच रियाल्तोवर येऊन पुढे युरोपभर जायची. 1498 मध्ये पोर्तुगीज समुद्रमार्गे थेट आपल्याकडे पोचले आणि व्हेनिसच्या या व्यापाराला धक्का बसला. आज तिथे भाजीवाले आर्टिचोकचे बुंधे सोलून लिंबाच्या पाण्यात टाकून ठेवतात. कच्ची केळी काळी पडू नयेत म्हणून आपण करतो तेच!

खाण्याचं म्हणाल तर कॉफी काउंटरपाशी उभ्याने घ्यावी. टेबलाशी बसलात की किंमत वाढते, आणि सान मार्को चौकातल्या कॉफीगृहांत वाद्यवृंदाचेही पैसे लावतात. मासे खाणाऱ्यांनी 'सार्दे इन साओर' मागवावं. तळलेल्या तारलीसारख्या माशांवर कांदा, व्हिनेगर आणि बेदाणे. खलाशांचं हे टिकाऊ खाणं. शाकाहारी मंडळींना 'रिसी ए बिसी' हा मऊ मटारभात आवडेल. पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं, म्हणून आधी "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे" म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं स्पष्ट सांगा.

खरेदीचा मोह आवरा. मुरानो बेटावर काचेच्या भट्ट्या 1291 पासून आहेत. आगीच्या भीतीने त्या शहराबाहेर हलवल्या होत्या. फुकट बोटीने कारखाना दाखवतो म्हणणाऱ्याबरोबर गेलात तर घेतल्याशिवाय निघणं अवघड होतं. आपल्या पैशाने बोटीतून जावं. बुरानोची हातची लेस तर फार महाग. ती स्वस्त मिळाली तर यंत्राची समजावी. तिथल्या लेसच्या संग्रहालयात खरी लेस आधी बघा, म्हणजे डोळा तयार होतो.

साडी नेसायला हरकत नाही. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, ती अडचण तिने मिटते. फक्त चपला न घसरणाऱ्या हव्यात. कालव्याकाठच्या पायऱ्यांवर शेवाळं असतं.

रियाल्तोजवळच्या नगरपालिकेच्या इमारतीवर एक पाटी आहे. तत्त्वज्ञानात डॉक्टर झालेल्या एलेना कोर्नारो पिस्कोपियाची. 1678 साली पादुआच्या विद्यापीठात ही पदवी मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. लेकीबाळींना ती पाटी दाखवा.

आणि तिथून जवळच सान बार्तोलोमेओ चौकात एका औषधाच्या दुकानाने 2008 मध्ये खिडकीत एक आकडा लावला. शहरात राहणाऱ्या माणसांचा. 1951 मध्ये जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक होते. 2022 मध्ये ते पन्नास हजारांच्या खाली आले. घरांच्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने दिल्या जातात, वाण्याच्या जागी मुखवट्यांचं दुकान येतं. मग नांदती सून घर सोडून जमिनीवर राहायला जाणार नाही तर काय करील?

आपण एकट्या हे थांबवू शकत नाही. पण मुक्कामासाठी चालत्या घराण्याचं छोटं हॉटेल निवडणं, पाव आणि फळं गल्लीतल्या दुकानातून घेणं, अरुंद गल्लीत उजव्या हाताने चालणं, पुलाच्या मधोमध फोटोसाठी न थांबणं, कबुतरांना दाणे न टाकणं (ती तर 2008 पासून बंदीच आहे), आणि रात्री खिडक्यांखालून जाताना हळू बोलणं, एवढं आपल्या हातात आहे. वरच्या मजल्यावर कुणाचं तरी तान्हं मूल नुकतंच झोपलेलं असेल.