दोघांचे मिळून एक तिकीट

बाहेरगावचे लोक खामगावला दोन गोष्टींनी ओळखतात, कापूस आणि चांदी. चांदीच्या भांड्यांमुळे गावाला रजतनगरी म्हणतात. कापसाचा व्यापार त्याहून जुना. कापसाच्या गाठी मुंबईला लवकर पोहोचाव्यात म्हणून 1870 साली जळंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकला गेला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. फाटा जेमतेम 13 किलोमीटरचा. पण त्यामुळे खामगाव मुंबई-नागपूरच्या मोठ्या लाईनीला जोडले गेले. गाठी गेल्या आणि गाठींच्या मागोमाग कष्टकऱ्यांची पोरेही पोट भरायला गेली. कोणी कल्याणला, कोणी अकोल्याला, कोणी जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांत. आज आमच्या वस्तीत असे घर शोधून सापडणार नाही, ज्याचे एखादे तरी माणूस बाहेरगावी नाही.

आम्ही उभयता आता निवृत्त आहोत. एकाने कारखान्यात यंत्रावर तीस वर्षे काढली, दुसरीने अंगणवाडीत मदतनीस म्हणून मुले सांभाळली. नोकरी होती तेव्हा रजा नव्हती आणि रजा मिळाली तर पैसा नव्हता. आता रजाच रजा आहे. पैशाचे म्हणाल तर, ईपीएस-95 ची पेन्शन कमीत कमी हजार रुपये असावी असे सरकारने 2014 साली ठरवले. आमच्या हातात येते ती त्याहून थोडीच जास्त. एवढ्या पैशात काशी-रामेश्वर होत नाही. पण सोयरे-धायरे होतात! गेली तीन वर्षे आम्ही तेच करत आहोत. देखावे पाहायला न जाता माणसे पाहायला जातो.

हे जमते ते एस.टी.मुळे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. 75 च्या पुढच्यांना 2022 च्या ऑगस्टपासून राज्यात प्रवास मोफत झाला. आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायका-मुलींना अर्धे तिकीट झाले. आमच्यातला एक 68 वर्षांचा आणि दुसरी 66 ची. म्हणजे अर्धे अधिक अर्धे, दोघांचे मिळून एक तिकीट. पहिल्यांदा कंडक्टरने दोन अर्धी तिकिटे हातात दिली तेव्हा आम्हीच एकमेकांना म्हणालो, "संसारात सगळे अर्धे-अर्धे वाटून घेतले, आता तिकीटही."

या फिरण्याची सुरुवात कशी झाली ते सांगतो. थोरल्या वहिनी पूर्णाकाठच्या. जिगाव प्रकल्पात नदीकाठच्या अनेक गावांच्या जमिनी आणि घरे गेली, त्यांत त्यांचेही घर गेले. आता त्या पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत राहतात. नातलगांत एक मयत झाली होती, मातीला चाळीस-पन्नास माणसे गोळा झाली होती. माती आटोपल्यावर सावलीला बसलेल्या वहिनी मोठ्यानेच बोलल्या, "माह्या मातीलेही समदे असेच जीपा करून यान. त्यापरीस जित्तेपनी एकजन तरी चहाले या ना बाप्पा!" कोणी हसले, कोणी मान खाली घातली. आम्ही घरी येऊन भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले आणि पुढच्याच आठवड्यावर खूण केली.

खामगावहून नांदुरा, आणि नांदुऱ्याहून जळगाव जामोदच्या रस्त्याने येरळीजवळ पूर्णा ओलांडायची. पुढे सातपुड्याचा निळा कडा दिसू लागतो. वहिनींच्या दारात पोहोचलो तर त्या तूर पाखडत होत्या. "काहून आले? कोन गेलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. कोणी गेले नाही, चहाला आलो, असे सांगितल्यावर सूप खाली ठेवून त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबा, दूध आनतो." नव्या वस्तीत घर पक्के आहे, रस्ता सरळ आहे. पण जुन्या गावी ज्या ओट्यावर चार बाया बसत तो ओटा राहिला नाही, शेजार बदलला. त्या रात्री वहिनींनी जुन्या गावातले एकेक घर ओळीने सांगितले, कोणाच्या दारात कडुनिंब होता, कोणाची विहीर गोड होती. आम्ही फक्त हुंकार देत होतो. म्हाताऱ्या माणसाला पैसा नको असतो, ऐकणारा हवा असतो.

अकोल्याला जाणे त्या मानाने सोपे. सकाळी निघून रात्री घरी येता येते. तिथे कारखान्यातला जुना सोबती आहे. तो आणि आम्ही एकाच खात्यात, शेजारशेजारच्या यंत्रावर होतो. आता त्याची उजवी बाजू लकव्याने गेली आहे आणि शब्द फुटत नाहीत. सून बिचारी चांगली, पण तिलाही कामावर जावे लागते. आम्हाला पाहून त्याचे डोळे भरले. खूप धडपड करून त्याने एकच शब्द काढला, "रातपाळी?" सुनेला वाटले, बाबा भ्रमात बोलत आहेत. आम्हाला मात्र बरोबर कळले. पूर्वी गेटवर भेटल्यावर तो रोज हेच विचारायचा. आम्ही म्हणालो, "नाही भाऊ, आता दोघांनाही सुट्टी." तो हसला. अर्ध्याच तोंडाने, पण हसला. सून म्हणाली, सहा महिन्यांत बाबा असे हसले नव्हते. आता दर महिन्याला एक गुरुवार अकोल्याचा ठरला आहे.

मुलगी जालन्याला दिली आहे. खामगाव-जालना रेल्वेची मागणी फार जुनी आहे, आमच्या लहानपणापासून ऐकतो. आम्ही आपले उंद्री, अमडापूर, चिखली, देऊळगाव राजा असे एस.टी.नेच जातो. वाटेत चिखलीला उतरतो. तिथे अंगणवाडीतली जुनी मैत्रीण आहे. तिच्याकडे भाकर खायची आणि दुपारच्या गाडीने पुढे. दोघी बोलायला बसल्या की गाडी चुकते, म्हणून आम्ही मध्ये चार तास मोकळे ठेवतो. जुनी मुले आता कुठे-कुठे आहेत याचा हिशोब त्या लावतात. कोणी पोलिसात आहे, कोणी नर्स झाली. ज्यांना यांनी हाताला धरून बसायला शिकवले ती पोरे आज यांना बसमध्ये बसायला जागा देतात.

बुलढाण्याला मावशी आहे. खामगावहून बुलढाण्याला जाताना बोथा घाटातून, ज्ञानगंगा अभयारण्यातून रस्ता जातो. 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ हजार-तेराशे किलोमीटर चालत या जंगलात आला होता. त्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणून त्याची वाट सगळ्या जगाला कळली. जाणकार म्हणाले, तो जागा आणि जोडीदारीण शोधत होता. घाट लागला की आमच्यात एकदा तरी हा विषय निघतो. वाघ एवढे चालतो, आणि आपली माणसे एका जिल्ह्यात राहून भेटत नाहीत!

कल्याणचा प्रवास मात्र विचार करून करावा लागतो. धाकटा तिथे असतो. पूर्वी रेल्वेत 60 वर्षांच्या पुरुषाला 40 टक्के आणि 58 वर्षांच्या बाईला 50 टक्के सवलत होती. 2020 च्या मार्चमध्ये, कोरोनाच्या वेळी, ती बंद झाली ती सुरू झालेली नाही. म्हणून वर्षातून एकदाच जातो आणि महिनाभर आधी स्लीपरचे तिकीट काढतो. एक गोष्ट अजून आहे, ती वाचकांनी ध्यानात ठेवावी. 60 च्या वरच्या पुरुषांना आणि 45 च्या वरच्या बायकांना जागा असेल तर खालचा बर्थ मिळतो. तिकीट काढताना वय बरोबर लिहावे. शेगावहून रात्री विदर्भ एक्सप्रेस धरली की पहाटे कल्याण. सोबत मुगवड्या, कुरडया, ज्वारीचे पीठ आणि फोडणीला लसणाची माळ. सूनबाई नोकरी करते. तिच्या घरी पाहुणा म्हणून बसून राहायचे नाही, हे आम्ही ठरवून जातो. एकजण नातवाला शाळेत सोडतो, दुसरी भाजी निवडते.

तीन वर्षांच्या फिरण्यातून आम्ही काही नेम केले आहेत. कोणाला उपयोगी पडतील म्हणून लिहितो. "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई" ही म्हण खोटी नाही. लेकीकडे असो की मित्राकडे, दोन रात्री पुरेत. कल्याणचा पल्ला लांब, म्हणून तिथे आठ दिवस. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्याव्यात आणि डॉक्टरची चिठ्ठी सोबत ठेवावी. ओळखपत्र वरच्या खिशात असावे, कंडक्टरला वाट पाहायला लावू नये. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडातले ऊन म्हाताऱ्याचे नाही, तेव्हा घरीच बसावे. आणि मुख्य म्हणजे आधी त्यांच्याकडे जावे, ज्यांना आपल्याकडे येता येत नाही.

आमची मुले कधी म्हणतात, "फोन आहे, व्हिडिओवर तोंड दिसते, मग कशाला दगदग?" फोन चांगलाच आहे. पण फोनवर माणूस बरा असल्याचे सांगतो. घरी गेले की कोपऱ्यातली औषधाची रिकामी बाटली दिसते, चुलीजवळचे दोनच ताट दिसतात, आणि मग खरे विचारता येते.

कधीतरी आमच्यातल्या एकालाच अर्धे तिकीट काढावे लागेल, हे आम्हाला माहीत आहे. त्याबद्दल आम्ही एकदा बोललो, बसमध्येच. जो मागे राहील त्याने अकोल्याचा गुरुवार चुकवायचा नाही, एवढे ठरले. मग आमचा थांबा आला आणि आम्ही पिशव्या घेऊन उतरलो.

येत्या हिवाळ्यात वहिनींना खामगावला आणायचे आहे. त्या 78 वर्षांच्या, त्यांना तिकीटच लागत नाही. फक्त कोणीतरी न्यायला जायला हवे. आम्ही जाणार आहोत.