आत्तीचा संसार काट्यावर

आमच्या आत्तीने सुरतेत लिंबायतला तीस वर्षे काढली. मामा यंत्रमागावर होते. ते गेल्यावर तिने माहेरगावी, बेळगावला परत यायचे ठरवले. सामान हलवायला आत्तेभावाने जुनी डिझेल पिकअप घेतली. मदतीला म्हणून मी सुरतेला गेलो, तर साहेबांचा बेत तयार होता. "दादा, सगळं एकाच खेपेत नेतो. बंद पडलेली व्हॅनही मागं दोरानं बांधतो. डिझेलचं इंजिन आहे, ओढतंय की!"

मी पडलो मास्तर. म्हटले, आधी आर.सी. बुक दाखव. भरलेल्या गाडीचे जास्तीत जास्त वजन 2,950 किलो, रिकाम्या गाडीचे 1,700. म्हणजे 1,250 किलो भरता येतील, असे त्याचे गणित. पण आधीच्या मालकाने वर लोखंडी सांगाडा ठोकला होता आणि मागे जादा पाटे घातले होते. ते बुकात कुठून येणार? काट्यावर रिकामी गाडी 1,810 भरली. आम्हा तिघांचे 190 किलोही त्यातच धरायचे. सामानाला उरले 950.

सामान भरून पुन्हा काट्यावर गेलो. चिठ्ठी आली 3,240 ची. म्हणजे 290 किलो जास्त.

"पाटे वाढवलेत दादा, बसत नाही गाडी," तो म्हणाला. पाटे वाढवले की गाडी खाली बसत नाही, हे खरे. पण ब्रेक तेच, टायर तेच आणि बुकातला आकडाही तोच. दंडाचेही सांगितले. 2019 च्या दुरुस्तीपासून जादा भाराला वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार.

दोराचे तर त्याहून वाईट. बंद गाडी ओढताना ताशी 25 किलोमीटरच्या वर जायचे नाही आणि दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचे नाही, असा नियम आहे. त्या चालीने साडेसातशे किलोमीटर कधी संपणार? शिवाय इंजिन बंद असले की मागच्या गाडीचा ब्रेक दगडासारखा कडक होतो. वाटेत खंडाळा, खंबाटकी, तवंदी. डिझेल इंजिन कमी वेगातही जोर देते, म्हणून आपल्याला वाटते गाडी काहीही ओढेल. पण ओढणे इंजिनाचे काम आणि थांबवणे ब्रेकचे. चढावर दमलेली गाडी उभी राहते. उतारावर दमलेली उभी राहत नाही.

तो गप्प झाला. आता काय काढायचे? आत्ती ओट्यावर बसून ऐकत होती. तिनेच बोट दाखवले. दोन लोखंडी कपाटे, दिवाण आणि मामांनी जपून ठेवलेले मागाचे सुटे भाग. ते पोते उतरवताना भावाचे डोळे भरले. मलाही क्षणभर वाटले, ऐंशी किलोंनी काय होते, राहू दे. आत्तीने मात्र तोंड फिरवले आणि म्हणाली, "साकु. इष्टे साकु." तीस वर्षे गुजराती बाजारात काढूनही ऐन वेळी तिच्या तोंडी शहापूरच्या गल्लीतले कन्नडच आले.

पाटा-वरवंटा मात्र तिने सोडला नाही. तो केबिनच्या पाठीला टेकवून अगदी तळाशी ठेवला. जड सामान खाली आणि मागच्या चाकांच्या पुढे असावे. ते शेपटाकडे गेले की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही. काट्यावर शेवटचा आकडा आला 2,935. व्हॅन तिथल्याच मेकॅनिकला विकली.

दुसऱ्या दिवशी तवंदीचा घाट आला. उताराला भावाने न सांगताच खालचा गिअर टाकला. मधे बसलेली आत्ती निवांत झोपली होती.

भार हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच आहे. गाडी घ्यायला निघालेल्यांना मी आता एवढेच सांगतो. ती किती ओढते हे विकणारा सांगेलच. किती भार घेऊन ती थांबते, हे तुम्ही काट्यावर जाऊन बघा.