चार सोनुबाई

आम्ही बँकेतले कारकून आकड्यांना भीत नाही. आकडा हा मूळचा गरीब प्राणी. बेरजेला घेतला तर मुकाट्याने येतो, वजा केला तर निमूट निघून जातो. भीती वाटते ती स्वतःच नटूनथटून आलेल्या आकड्याची. हल्ली वरून येणाऱ्या पॉवर बीआयच्या रिपोर्टात असे तयार आकडे असतात. काही लाल, काही हिरवे. त्यांना ‘मेझर’ म्हणतात.

आता तुम्ही विचाराल, मेझर म्हणजे काय? खात्यावरची बाकी कोष्टकात लिहिलेली असते. मेझरचं उत्तर मात्र कुठेच लिहिलेलं नसतं. असतं ते फक्त सूत्र, डॅक्स नावाच्या भाषेत. तुम्ही विचारलंत की ते तिथल्या तिथे उत्तर काढतं. नेकनूर निवडलं तर एक, बीड जिल्हा निवडला तर दुसरं. आपल्या पगारासारखंच हे. सासऱ्याला सांगायचा वेगळा, उसने मागायला येणाऱ्याला वेगळा!

गेल्या खरिपाआधी रिपोर्टातलं ‘थकीत’ काही आमच्या रजिस्टरशी जुळेना. त्या लाल आकड्यापायी कापूस लावणाऱ्या एका शेतकऱ्याच्या पीककर्जाचं नूतनीकरण अडून बसलं. साहेब म्हणाले, “तुम्ही बी. कॉम. ना? मग या फाइलीत मेझरं किती अन् कोणती, त्याची यादी काढा.” बी. कॉम. झालेल्या माणसाला कुणीही काहीही सांगू शकतं.

एकेका मेझरवर टिचकी मारून मी सूत्रं वहीत उतरवू लागलो. सतराव्या मेझरपाशी बोटं दुखली, तेव्हा हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामा, असं लिहीत बसलात तर यादीआधी रिटायर व्हाल. डॅक्स क्वेरी व्ह्यू उघडा. ‘इव्हॅल्युएट’ लिहा, पुढे ‘इन्फो डॉट व्ह्यू डॉट मेझर्स’, शेवटी रिकामा कंस, अन् रन दाबा.” ही इन्फो मंडळी 2023च्या अखेरीपासून पॉवर बीआयमध्ये यायला लागली. त्याआधी लोक याच कामासाठी डॅक्स स्टुडिओ नावाचं वेगळं साधन वापरत.

रन दाबलं आणि क्षणात सगळं गणगोत समोर हजर! नाव, कोष्टक, सूत्र, वर्णन. लपवून ठेवलेली मेझरंसुद्धा आली, पंगतीला न बोलावलेले भाऊबंद यावेत तशी. वर्णनाचा रकाना मात्र वरपासून खालपर्यंत कोरा. आणि नावं? ‘थकीत’, ‘थकीत नवीन’, ‘थकीत अंतिम’, ‘थकीत अंतिम 2’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा असं ऐकलं होतं. इथे चार सोनुबाई एकदम!

सूत्रं वाचली आणि गाठ सुटली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे साधारण कर्ज 90 दिवसांहून अधिक थकलं की ते अनुत्पादक; कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज मात्र दोन हंगाम थकल्यावर. ‘थकीत अंतिम 2’ला हे हंगाम कळत होते. पण पहिल्या पानावर बसवलेल्या ‘थकीत’ला मोटारसायकल आणि कापूस सारखेच. दोघांनाही 90 दिवस! शेतकऱ्याला हे समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “सायेब, नव्वद दिसांत इकडं पाऊस बी फिरकत न्हाई, कापूस कुठून यायचा?” सगळ्या यादीत इतकं सोपं सूत्र एकही नव्हतं.

त्या दोन ओळींखाली तांबडी रेघ ओढून साहेबांनी यादी वर पाठवली. पंधरा दिवसांनी पहिल्या पानावरची सोनुबाई बदलली, लाल यादी आखडली आणि कापसाची फाइल पेरणीच्या आत हलली.

हल्ली नवा रिपोर्ट आला की मी आधी यादी काढतो. साहेब हसतात. हसू देत. आमच्या नेकनूरच्या बाजारात बैलाचे दात पाहिल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही. मग ज्या आकड्यावर कुणाची पेरणी अडते, त्याचं तोंड उघडून पाहायला काय हरकत आहे?